मृत्युपत्र करायचंय? साधा कागद, दोन साक्षीदार आणि सातबारा हाताशी ठेवा. नमुन्यासह सगळी माहिती

कशेडी, वार्ताहर :

गावात कुणी गेलं की दिवसकार्य होईपर्यंत सगळे गप्प असतात. तेराव्याचं जेवण उरकलं, मुंबईकर मंडळी परतीच्या गाडीची वेळ बघायला लागली की ओटीवर कुणीतरी हळूच विषय काढतो, "मग सातबाऱ्याचं काय करायचं?" तिथून जो घोळ सुरू होतो तो कधी कधी दोन पिढ्या संपत नाही. एक भाऊ मुंबईला, एक सुरतेला, बहीण महाडला दिलेली, आई गावच्या घरात एकटी. सातबाऱ्यावर आजोबांच्या वेळची पंधरा-वीस नावं. त्यात जाणाऱ्या माणसाच्या मनात नेमकं काय होतं हे कुणालाच माहीत नसतं, कारण त्याने कुठे लिहूनच ठेवलेलं नसतं.

लिहून ठेवायला काय लागतं? लोकांना वाटतं मोठा वकील लागतो, शंभर-पाचशेचा स्टॅम्प लागतो, अलिबागच्या चकरा लागतात. तसं काही नाही. साधं मृत्युपत्र कोऱ्या कागदावर, आपल्या मराठीत, हाताने लिहिलं तरी कायद्याने चालतं. फक्त दोन-तीन गोष्टी बरोबर व्हाव्या लागतात. त्या चुकल्या तर दहा पानी टाइप केलेलं मृत्युपत्रही कोर्टात पडतं.

"मृत्युपत्र केलं की माणूस जातो" असं आपल्याकडे अजून बोललं जातं. पण आपल्या दोन तालुक्यांनी गेल्या काही वर्षांत काय काय बघितलं ते आठवा. २ ऑगस्ट २०१६ ला सावित्रीवरचा पूल वाहून गेला. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाची बस दरीत गेली. २२ जुलै २०२१ ला तळीयेवर डोंगर आला, त्याच दिवशी पोलादपूरच्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड कोसळली. त्यात म्हातारे होते तसे तरणेही होते. मृत्युपत्राचा आणि वयाचा संबंध नाही. १८ वर्षं पूर्ण झालेला, डोकं ठिकाणावर असलेला कुणीही ते करू शकतो.

मृत्युपत्र नसेल तर काय होतं?

आधी हे समजून घेऊ, म्हणजे आपल्याला गरज आहे की नाही ते कळेल.

हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ लागू होतो. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत पत्नी, सगळी मुलं, सगळ्या मुली आणि हयात असेल तर आई, हे सगळे सारखे वाटेकरी. समजा एका माणसाच्या मागे आई, पत्नी, दोन मुलगे आणि लग्न झालेली एक मुलगी आहे. पाच जण, पाच सारखे हिस्से. मुलगा आधीच वारला असेल तर त्याचा हिस्सा त्याच्या बायको-पोरांना. वडील पहिल्या यादीत येत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

बाई मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत मुलं, मुली आणि नवरा यांना. हे कुणीच नसेल तर साधारणपणे नवऱ्याच्या वारसांना जाते, माहेरच्यांना नाही. माहेरहून वारसाने आलेली मिळकत मात्र, मूलबाळ नसेल तर, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. म्हणून ज्या विधवा आजीला मूल नाही आणि म्हातारपणी भाच्याने किंवा शेजाऱ्याने सांभाळलं आहे, तिने लिहून ठेवलं नाही तर सांभाळणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. अशा घरात मृत्युपत्राची सर्वांत जास्त गरज असते.

ज्यांना सगळ्यांना सारखंच द्यायचं आहे आणि भावंडांत एकी आहे, त्यांचं मृत्युपत्राविना अडत नाही. पण पत्नीचं घर शाबूत राहावं, अपंग मुलाची सोय व्हावी, गावी राहून शेती कसणाऱ्याला खाचरं मिळावी, मुंबईतल्याला मुंबईची खोली मिळावी, मुलीला ठरवून काही द्यावं, असं मनात असेल तर लिहूनच ठेवायला हवं.

काय लिहून देता येतं, काय नाही

सर्वांत जास्त गफलत इथे होते. "जमीन माझ्या नावावर आहे, मी कुणालाही देईन" हे अर्धंच खरं.

स्वतः विकत घेतलेली जमीन, स्वतःच्या कमाईचं घर, बँकेतले पैसे, दागिने, गाडी, गुरं, हे सगळं स्वतःचं. ते पूर्ण कुणालाही देता येतं.

वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर त्यात मुला-मुलींचा जन्मापासून हक्क असतो. तिथे आपण फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहू शकतो. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलासारखाच हक्क मिळाला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप हयात असण्याची अट नाही. त्यामुळे वडिलोपार्जित जमिनीतला मुलीचा हिस्सा बापाने मृत्युपत्र करून काढून घेता येत नाही. कुठली जमीन वडिलोपार्जित आणि कुठली स्वतःची हे नुसत्या सातबाऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी जुने फेरफार काढून बघावे लागतात.

सामायिक सातबारा असेल, म्हणजे चुलत्यांची, आत्यांची, चुलत भावांची नावं एकत्र असतील, तर "गट नंबर अमुक मधील माझा जो हिस्सा असेल तो" असं लिहा. पूर्ण गट आपला म्हणून लिहिलात तर तेवढा भाग फुकट जातो आणि वर भांडण लागतं.

कुळाची जमीन हा आपल्या कोकणातला नाजूक विषय. कूळ कायद्याने मिळालेली जमीन, जिचं ३२ म चं प्रमाणपत्र आहे, किंवा सातबाऱ्यावर "भोगवटादार वर्ग २" किंवा "कलम ४३" चा शेरा आहे, ती बाहेरच्या माणसाला देण्यावर बंधनं आहेत. जून २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात सांगितलं की शेतकरी नसलेल्याला मृत्युपत्राने शेतजमीन देता येणार नाही. तो गुजरातचा कायदा म्हणजे जुन्या मुंबई राज्याचा १९४८ चा कूळवहिवाट कायदा. आपल्या कायद्याचं मूळही तेच. म्हणून शेतजमीन घरच्या वारसांना सोडून दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर आधी वकिलाला किंवा तहसीलला विचारा. आदिवासी वाडीतल्या खातेदारांच्या जमिनीलाही वेगळी बंधनं आहेत, त्यांनीही आधी विचारूनच पुढे जावं.

मुसलमान बांधवांसाठी शरियतचा नियम आहे. मयताचा खर्च आणि कर्ज फिटल्यावर जी मिळकत उरते तिच्या एक तृतीयांशापर्यंतच वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचं असेल तर वारसांची संमती लागते. सुन्नी मुसलमानांत एखाद्या वारसालाच जास्तीचं द्यायचं असेल तरी बाकीच्या वारसांची संमती लागते.

कायद्याला लागतात त्या तीन गोष्टी

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५, कलम ६३. त्याचा गाभा एवढाच :

एक, करणाऱ्याने मृत्युपत्रावर सही करायची किंवा अंगठा लावायचा.

दोन, कमीत कमी दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकाने करणाऱ्याला सही-अंगठा करताना डोळ्यांनी बघितलेलं हवं, नाहीतर "ही सही माझीच" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं हवं.

तीन, प्रत्येक साक्षीदाराने करणाऱ्याच्या समोर सही करायची.

बाकी कायद्याची भाषा, ठराविक शब्द, काही लागत नाही. मनात काय आहे ते वाचणाऱ्याला नीट कळलं पाहिजे, इतकंच.

आता गंमत बघा. इतका सोपा नियम, पण सर्वांत जास्त मृत्युपत्रं इथेच पडतात. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये निकाल दिला. मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या. कोर्टात एकच साक्षीदार आला. त्याला दुसऱ्या साक्षीदाराने कधी, कुणासमोर सही केली ते सांगता आलं नाही. दुसरा साक्षीदार हयात होता, पण त्याची साक्ष झालीच नाही. मृत्युपत्र शाबीत झालं नाही. सह्या दोन होत्या, पण दोन्ही सह्या नियमाने झाल्या हे सांगणारं कुणी नव्हतं.

यावरून धडा : कायद्याने दोघे एकाच वेळी हजर असायची सक्ती नाही, तरी दोघांना एकाच वेळी, एकाच ठिकाणी बसवा. तिघांनी एकमेकांच्या समोर सह्या करा. मग कुणीही एक जण कोर्टात सगळं सांगू शकतो.

साक्षीदार कोण घ्यावा?

आपल्यापेक्षा वयाने लहान, तब्येतीने धड, गावात किंवा जवळपास राहणारा. ऐंशी वर्षांच्या मित्राला साक्षीदार केलं आणि तो आपल्या आधी गेला तर काय उपयोग? फक्त शिमग्याला आणि गणपतीला दिसणारा माणूसही नको, कारण उद्या वाद झाला तर त्याला तारखांना यावं लागेल.

ज्याला मृत्युपत्रात काही मिळणार आहे तो, किंवा त्याची बायको, नवरा, साक्षीदार नको. त्यावर पुढे हमखास संशय घेतला जातो. शाळेचे गुरुजी, गावचे डॉक्टर, पोस्टमन, पोलीस पाटील, शेजारचा भला माणूस, असे लोक चांगले. साक्षीदाराला आत काय लिहिलंय ते वाचून दाखवायची सक्ती नाही. त्याने फक्त सही बघायची आहे.

मृत्युपत्राचा साधा नमुना

हा नमुना उतरवून घ्या. ठिपक्यांच्या जागी आपली माहिती भरा. जे लागू नाही ते गाळा.

मृत्युपत्र

मी, ............ (पूर्ण नाव), वय ...... वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे ............, ता. ............, जि. रायगड, आज दिनांक ............ रोजी हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवत आहे, ते असे :

१. यापूर्वी मी केलेली सर्व मृत्युपत्रे मी रद्द करत आहे. हेच माझे शेवटचे मृत्युपत्र समजावे.

२. माझ्या कुटुंबात पुढील व्यक्ती आहेत : पत्नी ............, मुलगे ............, मुली (लग्न झालेल्या धरून) ............, आई ............

३. माझी मिळकत पुढीलप्रमाणे आहे :
(अ) शेतजमीन : मौजे ............, गट नंबर ......, हिस्सा नंबर ......, क्षेत्र ...... हेक्टर ...... आर, त्यातील माझा संपूर्ण / सामायिक हिस्सा.
(ब) घर : ग्रामपंचायत ............, घर नंबर ......, त्यासमोरील अंगण व परड्यासह.
(क) बँक, पोस्ट, सोसायटी : शाखा ............, खाते नंबर ............
(ड) दागिने, वाहन, गुरे, अवजारे व इतर : ............

४. माझ्या मृत्यूनंतर वरील मिळकत पुढीलप्रमाणे द्यावी :
(अ) मधील जमीन माझा/माझी ............ यांस.
(ब) मधील घर माझा/माझी ............ यांस. माझ्या पत्नीस त्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील.
(क) मधील रक्कम ............ यांस.
(ड) मधील वस्तू ............ यांस.

५. वरीलपैकी कोणी माझ्या आधी मयत झाल्यास त्याचा/तिचा हिस्सा ............ यांस द्यावा.

६. वर उल्लेख राहून गेलेली किंवा पुढे मला मिळणारी सर्व मिळकत ............ यांस द्यावी.

७. माझे कर्ज व अंत्यविधीचा खर्च आधी माझ्या मिळकतीतून भागवावा.

८. या मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी मी ............ यांस व्यवस्थापक नेमत आहे.

९. ............ यांस मी मिळकत दिलेली नाही / कमी दिली आहे, याचे कारण ............

ठिकाण ............ दिनांक ............
लिहून ठेवणार यांची सही / अंगठा ............

साक्षीदार : वरील लिहून ठेवणार यांनी आमच्यासमक्ष सही/अंगठा केला व आम्ही त्यांच्यासमक्ष सह्या केल्या.
१) नाव ............ वय ...... पत्ता ............ सही ............
२) नाव ............ वय ...... पत्ता ............ सही ............

नमुना भरताना हे बघा

गट नंबर आणि क्षेत्र आठवणीने लिहू नका. ताजा सातबारा आणि आठ-अ समोर ठेवून लिहा. महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाइलवर मिळतो. घराचा नंबर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर असतो. गावठाणाचं ड्रोनने मोजमाप होऊन मालमत्ता पत्रक मिळालं असेल तर त्याचा नंबरही घाला.

नाव आधार कार्डावर एक, सातबाऱ्यावर एक आणि गावात हाक तिसरीच, असं असेल तर "ऊर्फ" लावून सगळी लिहा. लहान तुकडे चतुःसीमा टाकून चौघांत फोडू नका. तुकडेबंदी कायदा आडवा येऊ शकतो. "निम्मा हिस्सा", "एक तृतीयांश हिस्सा" असं लिहिलेलं बरं.

सहावं कलम विसरू नका. पुढे एखादं खातं निघालं, मुंबई-गोवा हायवेच्या जमिनीसारखी एखादी भरपाई आली, तर ती कुणाची हा प्रश्न याच कलमाने सुटतो.

नवव्या कलमाची कायद्याने सक्ती नाही, पण एखाद्या जवळच्या वारसाला वगळत असाल तर कारण जरूर लिहा. "मुलीला लग्नात जमिनीचे पैसे दिले आहेत", "धाकट्याला मुंबईची खोली घेऊन दिली आहे", एवढं एक वाक्य पुरे. बायको-मुलांना वगळून सगळं दुसऱ्याला दिलं, कारण दिलं नाही, करणारा अंथरुणाला खिळलेला होता, आणि ज्याला मिळालं त्यानेच कागद लिहून आणला, अशा मृत्युपत्राकडे कोर्ट संशयाने बघतं. तो संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ पासून सांगितलं आहे.

पानं जास्त असतील तर प्रत्येक पानावर सही करा आणि पानांना नंबर घाला. खाडाखोड झालीच तर शेजारी करणाऱ्याची आणि दोन्ही साक्षीदारांची सही घ्या. त्यापेक्षा कागद नवा घेतलेला सोपा.

करणाऱ्याला वाचता येत नसेल तर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचून दाखवा आणि "हे मला वाचून दाखवले, ते बरोबर आहे" असं शेवटी लिहा. वय जास्त असेल, आजारपण असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडून "शुद्धीत आहेत, समजतंय" असा दाखला घ्या. तो सक्तीचा नाही, पण पुढे फार कामाला येतो. मोबाइलवर व्हिडिओ काढला तर तोही पुरावा म्हणून उपयोगी पडतो. पण नुसता व्हिडिओ म्हणजे मृत्युपत्र नव्हे. कागद, सही आणि दोन साक्षीदार हवेतच.

स्टॅम्प, नोटरी, नोंदणी

स्टॅम्प पेपर लागत नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही. नोटरीचीही गरज नाही, आणि नोटरी केली म्हणून साक्षीदार टाळता येत नाहीत.

नोंदणी ऐच्छिक आहे. न नोंदवलेलं मृत्युपत्रही कायदेशीर असतं. पण माझं मत विचाराल तर नोंदवावं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दोन्ही साक्षीदार आणि सर्वांची ओळखपत्रं घेऊन जायचं. फी नाममात्र असते. वकील किंवा लिहिणारा जे घेईल ते वेगळं. फायदा असा की तुम्ही स्वतः हजर होता, सही तुमची होती, याची सरकारी नोंद राहते आणि कागद हरवला तरी नक्कल मिळते. तुम्ही हयात असेपर्यंत ती नक्कल दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यामुळे घरात बोभाटा होत नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर अर्ज केल्यावर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतात, तशी कायद्यात तरतूद आहे. शिवाय मृत्युपत्र बंद पाकिटात सील करून जिल्हा निबंधकांकडे, म्हणजे आपल्यासाठी अलिबागला, जमा करायचीही सोय आहे.

नोंदवलं म्हणजे ते कोर्टात आपोआप खरं ठरलं असं मात्र नाही. वाद झाला तर साक्षीदार लागणारच.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे

बँकेत, सोसायटीत नॉमिनी लावला की झालं, असं समजून लोक मृत्युपत्र करत नाहीत. यावरचा मोठा निकाल आपल्याच एका मराठी घरातला आहे. "कालनिर्णय" चे संस्थापक जयंत साळगावकर यांचं २० ऑगस्ट २०१३ ला निधन झालं. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलेलं होतं. काही गुंतवणुकींवर नॉमिनीची नावं होती. नॉमिनी आहे म्हणून ते पैसे त्याच्याच मालकीचे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ ला निकाल आला की नाही. नॉमिनीने पैसे हातात घ्यायचे, पण मालकी वारसाहक्काप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणेच ठरणार.

आपल्याकडे मुंबईला नोकरी करणाऱ्या पोराने लग्नाआधी आईला नॉमिनी केलेलं असतं आणि नंतर बदललेलं नसतं. तो गेला की सासू-सुनेत तेढ येते. म्हणून नॉमिनी बदला, आणि मृत्युपत्रात तेच खातं नंबरासह लिहा. दोन्ही कागद एकच गोष्ट सांगणारे हवेत.

मुंबई शहरात घर असेल तर प्रोबेटबद्दल वकिलाला विचारून घ्या. मुंबईच्या मिळकतीसाठी ते वर्षानुवर्षं सक्तीचं होतं. महाड-पोलादपूरच्या जमिनीला तशी सक्ती नव्हती.

मृत्युपत्र की बक्षीसपत्र?

हा फरक म्हाताऱ्या माणसांनी नीट समजून घ्यावा. बक्षीसपत्र नोंदवलं की मिळकत आजच दुसऱ्याची झाली. मृत्युपत्र आपण गेल्यावरच लागू होतं. तोवर जमीन आपली, घर आपलं, विकायचं तर विकता येतं, आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येतं.

"बाबा, आताच नावावर करून द्या, मग सांभाळतो" असं कुणी म्हणालं तर विचार करा. सांभाळायच्या अटीवर दिलेलं बक्षीस, सांभाळलं नाही तर रद्द करून घ्यायची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. पण त्यासाठी ऐंशीव्या वर्षी प्रांत कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. ज्याला म्हातारपणी आपल्याच घरात आपल्या हक्काने राहायचं आहे त्याला मृत्युपत्र जास्त सुरक्षित.

माणूस गेल्यावर पुढे काय?

ग्रामपंचायतीकडून मृत्यूचा दाखला घ्या. मृत्युपत्र, दाखला, सातबारा आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते घेऊन तलाठ्यांकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, अर्ज करा. मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यायची असते. मग फेरफाराची नोंद होते, सगळ्या वारसांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात आणि सातबारा बदलतो.

हरकत आली तर ती तक्रारी नोंद होते आणि सुनावणी लागते. मृत्युपत्र खरं की खोटं याचा शेवटचा निवाडा मात्र दिवाणी कोर्टच करतं. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी पक्की झाली असं नाही, आणि नामंजूर झाला म्हणजे हक्क बुडाला असंही नाही. जमिनीवर सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो जमिनीबरोबरच येतो, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

लोक विचारतात ते प्रश्न

*एकदा केलं की बदलता येतं का?* येतं. हयातीत कधीही, कितीही वेळा. शेवटच्या तारखेचं खरं. आधीचं नोंदवलेलं असलं तरी नंतरचं, नियमाने केलेलं साधं मृत्युपत्र त्याला रद्द करतं. म्हणून तारीख विसरू नका.

*नवरा-बायकोने एकत्र करावं का?* दोन वेगळी केलेली सोयीची. दोघांच्या मिळकती वेगळ्या, आणि जायची वेळही वेगळी.

*मुलांच्या सह्या, संमती लागते का?* नाही. हिंदू माणसाला स्वतःच्या मिळकतीबद्दल कुणाची संमती लागत नाही. मुसलमानांचा नियम वर दिला आहे.

*मुलीने हक्कसोड दिली नाही तर?* हक्कसोड वेगळी, मृत्युपत्र वेगळं. आपल्या हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करायला मुलीच्या हक्कसोडीची गरज नाही.

*कागद ठेवायचा कुठे?* पत्र्याच्या पेटीत ठेवा, बँकेत ठेवा, पण व्यवस्थापकाला आणि आणखी एका विश्वासू माणसाला जागा सांगून ठेवा. आपल्याकडचा पाऊस आणि वाळवी बघता प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, माळ्यावर नको. कुणालाच माहीत नसलेलं मृत्युपत्र नसल्यासारखंच.

*वकील कधी लागतोच?* कुळाची किंवा वर्ग २ ची जमीन, चालू असलेला दावा, दोन लग्नांची मुलं, अज्ञान किंवा अपंग मुलाची कायमची सोय, पत्नीला फक्त हयातीपुरता हक्क, जवळच्या वारसाला पूर्ण वगळणं, यातलं काही असेल तर नमुन्यावर भागवू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि ठरलेल्या मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले यांना विधी सेवा समितीमार्फत फुकट वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयात चौकशी करा, किंवा १५१०० या मोफत नंबरवर फोन करा.

सुरुवात करायची तर आधी सातबारा, आठ-अ आणि घराचा उतारा काढा. मग एका वहीत दोन याद्या करा, आपल्याकडे काय आहे आणि आपल्या मागे कोण आहे. गणपतीला सगळे गावी आले की मोदकाचं ताट उचलल्यावर बायको-मुलांशी मोकळेपणाने बोला. पटेल ते लिहा, नाही पटलं तरी आपल्या मनाप्रमाणे लिहा, आणि विसर्जनाच्या आधी दोन साक्षीदार बोलावून सही करून टाका.